रेल्वेने फ्रायबुर्ग, आईची पिशवी आणि म्युन्स्टरपुढचा बाजार

बागाईतदार

मागे कुणीतरी विचारलं होतं, आई-वडील युरोपात आले की त्यांना दाखवायचं काय? तेव्हा मी गप्प बसलो होतो, कारण उत्तर माहीत नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आम्ही मूळचे निफाड तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे, थोडा कांदा. मी नोकरीमुळे जर्मनीत, कार्ल्सरुहला. मेअखेरीस आई सहा आठवड्यांसाठी आली. वडील नाही आले, खरड छाटणीनंतरची बाग कुणाच्या भरवशावर सोडायची? पहिल्या दोन आठवड्यांत राजवाडा, बाग, नदी, परत बाग असं सगळं दाखवून झालं. राजवाडा तिला 'बरा' वाटला. मग एका संध्याकाळी सुपरमार्केटातला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोबी हातात घेऊन म्हणाली, "इथं शेतकरी नाहीत का रे? का हे सगळं कारखान्यातच होतं?"

म्हणून शनिवारी पहाटे फ्रायबुर्ग.

आधी गाडीचं सांगतो. इथे राहणाऱ्यांना माहीत असेल, येणाऱ्यांना उपयोगी पडेल. कार्ल्सरुह ते फ्रायबुर्ग जलद आयसीईने तासाभराचं अंतर. आम्ही मुद्दाम साध्या प्रादेशिक गाडीने गेलो, ओफेनबुर्गला गाडी बदलून, सगळं धरून पावणेदोन तासांच्या आसपास. माझ्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, आहे (मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोने सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३). ते फक्त साध्या गाड्यांना चालतं, आयसीईला नाही. आईसाठी बाडेन-व्युर्टेम्बर्गचं एक दिवसाचं राज्य-तिकीट काढलं. हे सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर लागू होतं, पण शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर जाता येतं, माणशी थोडेच पैसे वाढतात. तिकिटावर नाव टाकायला विसरू नका, तपासनीस विचारतो.

दुमजली डबा होता. आईने वरची खिडकी धरली. डाव्या हाताला ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर, उजवीकडे ऱ्हाइनचं सपाट खोरं. ओफेनबुर्ग सोडलं की डोंगरउतारावर द्राक्षबागा सुरू होतात, आणि तिथून आईचं बोलणं थांबलं. मधेच एवढंच म्हणाली, "मांडव नाही. नुसती कुंपणासारखी उभी बांधलीये. तळाशी गवत ठेवलंय बघ, नांगरलं नाही." फ्रायबुर्गच्या अलीकडे उजवीकडे कायझरष्टूल दिसतो. विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर, त्यावर लोएस म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या पायऱ्या-पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर वेल. त्याची काळी लाव्हाची माती आणि वर पिवळट मातीचा थर, हे मी सांगायला लागलो तर म्हणाली, "मला दिसतंय."

स्टेशनापासून बाजार चालत दहा-पंधरा मिनिटं. ट्रामने जाऊ नका, कारण वाटेत बेख्ले दिसतात. रस्त्याच्या कडेने वाहणारे, हातभर रुंदीचे दगडी पाट. द्रायझाम नदीचं पाणी मध्ययुगापासून असं गावभर फिरवलंय. एके काळी आग विझवायला, गुरांना पाजायला. आता पोरं त्यात लाकडी होड्या सोडतात. गावात असं म्हणतात की चुकून ज्याचा पाय बेख्लेत पडला त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं. हे सांगेपर्यंत आईचा चप्पलेसकट डावा पाय आत. वर बघून म्हणाली, "तुझ्या बापाला कळव मग." आणि लगेच पुढे, "पाट चांगला बांधलाय. गळत नाही कुठं."

रस्त्यावर दुकानांपुढे ऱ्हाइनच्या गोट्यांची नक्षी असते, आतल्या धंद्याची खूण म्हणून. बेकरीपुढे पिळाचा पाव, असं. खाली बघत चालण्याजोगं गाव आहे.

आता बाजार. म्युन्स्टर म्हणजे तिथलं मोठं चर्च, लाल दगडाचं, मनोरा ११६ मीटर. हा मनोरा साधारण १३३० च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे मध्ययुगातच. बऱ्याच ठिकाणी असे मनोरे शेकडो वर्षं अर्धवट लोंबकळत राहिले आणि एकोणिसाव्या शतकात कुठे पूर्ण झाले. त्याच्या चारी बाजूंच्या चौकात बाजार भरतो. रविवार सोडून रोज, सकाळी साडेसातपासून दीडपर्यंत, शनिवारी दोनपर्यंत. दोनला म्हणजे दोनला. अडीचला गेलात तर फक्त झाडू मारणारी गाडी भेटेल.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही एक गोष्ट सांगून ठेवायला हवी: उत्तरेची बाजू शेतकऱ्यांची, दक्षिणेची व्यापाऱ्यांची. मला हे माहीत होतं, आईला सांगितलं नव्हतं. आम्ही दक्षिणेकडून शिरलो. तिथला ऐतिहासिक व्यापारी वाडा, लालभडक, सोळाव्या शतकातला, बघण्यासारखाच आहे. त्याच्या समोरच्या बाजूने फुलं, मसाले, ऑलिव्ह, लाकडी खेळणी, आणि फळांची फार देखणी दुकानं. आईने एक फेरी मारली, हात मागे बांधून. मग हळू आवाजात, "हा शेतकरी नाही."

"कशावरून?"

"केळी आहेत. आंबा आहे. इथं केळी पिकतात का? आणि सगळे टोमॅटो एका मापाचे. ज्याच्या शेतात सगळे टोमॅटो एका मापाचे येतात त्याला मला भेटायचंय."

बोर्ड वाचता आला तर हे काम सोपं होतं. फळ-भाजीवर देशाचं नाव लिहिणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. आणि 'आउस आयगेनेम आनबाउ' असं दिसलं तर ते स्वतःच्या शेतातलं. आईला बोर्ड लागला नाही.

उत्तरेला गेल्यावर तिची चाल बदलली. तिथे एकेका टेबलावर चार-पाच जिन्नसच. माती लागलेले मुळे, वेडीवाकडी गाजरं पाल्यासकट, नवलकोल. नवलकोल बघून तिला कोण आनंद! जर्मनीत त्याला कोलराबी म्हणतात. तिने सवयीने एक उचलून नख लावलं. टेबलामागच्या बाईंनी "नाइन, नाइन" करत बोट हलवलं. इथे मालाला आपण हात लावायचा नाही, दाखवायचं, त्या देतात. आई ओशाळली. बाईंनी मग स्वतःच एक नवलकोल कापून तिच्या हातावर फोड ठेवली. गोड होता, आत दोरा नाही. दोन घेतले. आमच्याकडे भेंडीचं शेपूट मोडल्याशिवाय भेंडी घेतली असं होत नाही, तर हा नियम पाळणं तिला दिवसभर जड गेलं.

श्पार्गेल म्हणजे पांढरा शतावर, हंगाम संपत आलेला. २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, काढणी थांबवायची असा दंडक आहे. त्यानंतर झाडाला वर वाढू द्यायचं म्हणजे पुढच्या वर्षासाठी मुळात बळ साठतं. पांढरा कशाने, तर मातीचे उंच वरंबे करून त्याला उजेडच लागू द्यायचा नाही. टोक मातीला तडा देऊन वर आलं की लांब सुरीने आतल्या आत एकेक कापायचा, हाताने. आईने भाव विचारला, मी रुपयांत सांगितला, तिने पदर सावरला. मग मजुरीचा हिशेब मांडला आणि म्हणाली, "परवडत नसेल त्याला."

मधवाल्या आजोबांपाशी खरी मजा. ब्लॅक फॉरेस्टचा फरचा मध, काळपट, कमी गोड, थोडा औषधी वास. मी विचारलं, कुठल्या फुलाचा? ते म्हणाले, फुलाचा नाहीच. फरच्या झाडावर मावा असतो, तो रस शोषून गोड चिकट थेंब टाकतो, मधमाश्या ते गोळा करतात. मी आईला भाषांतर करून सांगितलं. ती दोन क्षण गप्प. "म्हणजे ज्वारीवर पडतो तो चिकटा?" हो, तसाच. "आपण माव्यावर फवारे मारून मारून म्हातारे झालो आणि ह्यांनी बरणीत भरला!" आजोबांना हे उलट सांगितलं तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या चीजवाल्याने डोकावून पाहिलं. बरणी घेतली. (भारतात नेताना सामानात टाका, केबिन बॅगेत नको. मध द्रवात धरतात, बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिच्या वर काढून घेतात.)

आणि शेवटी चर्चचा दरवाजा. हे बहुतेक जण चुकवतात, कारण सगळे मान वर करून मनोरा बघत असतात. मनोऱ्याच्या खालच्या देवडीत, बाहेरच्या भिंतीवर मापं कोरलेली आहेत. पावाचे आकार, शेजारी सालं: १२७०, १३१७, १३२०. कापड मोजायचा गज, विटेचा आकार, धान्याच्या मापाची खूण. बाजारात घेतलेला पाव लहान वाटला तर इथे आणून भिंतीला लावून बघायचा. धान्य महागलं की पावाचा भाव तोच ठेवून आकार उतरवायचा असा त्या काळचा हिशेब असे, म्हणून एकाच पावाची निरनिराळी सालं.

आई त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी. तळहाताने पावाचा गोल चाचपला. मग तिच्या आज्याचं सांगायला लागली. खळ्यावर पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आणि माप शिगोशीग भरायचं, वरून हात फिरवायचा नाही. "आमच्या गावात माप सावकाराच्या घरात असायचं," ती म्हणाली. "इथं देवाच्या भिंतीत लावलंय. बरं केलं."

परतीच्या गाडीत झोपली. पिशवी मांडीवर घट्ट.

गरम_चहा

काय लिहिलंय! 'शिगोशीग' शब्द किती वर्षांनी वाचला. फोटो कुठे आहेत? आणि दोन लहान मुलं, बाबागाडी असं सगळं घेऊन जमेल का? दगडी रस्ते म्हणजे धास्ती वाटते.

बागाईतदार

फोटो टाकेन, आईने मोबाईलमध्ये सगळे नवलकोलाचेच काढलेत. बाबागाडी चालते, पण चौकात गोटे आहेत, खडखडाट होतो. शनिवार टाळता आला तर टाळा, दहानंतर धक्काबुक्की असते. मंगळवार-बुधवार निवांत. मात्र शेतकऱ्यांची बाजू शनिवारी सर्वांत भरलेली असते, तेव्हा शनिवारी साडेसातला पोचणं हा खरा उपाय. मुलांना बेख्लेत सोडायची होडी तिथेच मिळते, दोरीसकट.

रूळप्रेमी

धागा बाजाराचा आहे पण गाडीवर दोन वाक्यांत आटोपलंत हे काही बरं नाही. थोडी भर घालतो.

तुम्ही ज्या मार्गाने गेलात तो बाडेनच्या ग्रँड डचीने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या संस्थानाने, स्वतः बांधलेला. १८४० ला मान्हाइम ते हायडेलबर्ग सुरू झाला, १८४५ ला फ्रायबुर्गपर्यंत पोचला. गंमत म्हणजे त्यांनी सुरुवातीला रुळांमधलं अंतर १६०० मिमी ठेवलं होतं. आजूबाजूची सगळी राज्यं १४३५ वर, हे एकटे रुंद. मग सीमेवर प्रत्येक पोतं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. शेवटी १८५४-५५ मध्ये सगळे रूळ उखडून अरुंद केले. म्हणजे इकडे बोरीबंदर-ठाणे गाडी १६७६ मिमीवर नुकती धावायला लागली होती तेव्हा तिकडे रुंदीचा हट्ट सोडणं चाललं होतं.

आणि फ्रायबुर्गला जाऊन ह्योलेनटालची गाडी पकडली नाहीत? त्या दरीचं नावच 'नरकदरी'. चढ साधारण १:१८, म्हणजे अठरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तुलनेला आपला थळघाट, कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना १:३७, आणि तरी मागून ढकलायला जादा इंजिनं (बँकर) लावावी लागतात. ह्योलेनटालला १८८७ पासून दातेरी रुळावर इंजिन चढायचं, १९३३ पासून साध्या रुळावर जातं. आईंना कसाऱ्याचा घाट माहीत असणारच, त्यांना हे आवडलं असतं.

एक सूचना: त्या बाजूच्या काही गाड्या मध्येच दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. फलाटावर आणि डब्याच्या दारावर गाव वाचून बसा. मी एकदा अर्धा तास चुकीच्या तलावाकडे प्रवास केलाय. चूक माझीच, वाचलं नव्हतं.

बागाईतदार

रूळप्रेमी, दंडवत. पुढच्या वेळी नरकदरी नक्की. आई पंचवटी एक्सप्रेसने जन्मभर कसारा उतरलीय, तिला विचारलं तर म्हणाली, "नरकात न्यायला एवढं लांब कशाला आणलं?"

खवचट_खापर

छान आहे, पण राग मानू नका: हा भाजीबाजारच ना शेवटी? आमच्याकडे बुधवारी भरतो त्यात असाच चिखल लागलेला मुळा मिळतो, माणसं याहून जास्त बोलतात, आणि किलोमागे युरो मोजावे लागत नाहीत. परदेशी गेलं की कोबीसुद्धा 'अनुभव' होतो, घरी तोच कोबी पाच रुपयांनी महागला की भांडण.

बागाईतदार

राग कसला, निम्मं खरं आहे. आठवडे बाजार आपल्याकडे आहेतच, आणि फ्रायबुर्गचा तो चौक पर्यटकांनीही भरलेला असतो, हेही खरं. निम्म्या गर्दीच्या हातात पिशवी नव्हती, फक्त फोन होता.

पण निफाडची गोष्ट वेगळी आहे. आमचा कांदा लासलगावला जातो. ट्रॅक्टर लावायचा, लिलाव, दोन मिनिटांत भाव पुकारला जातो, वजनकाटा, हिशेबपट्टी, घरी. द्राक्षं पॅकहाउसला. चाळीस वर्षं आईने माल पिकवला आणि तो खाणारं माणूस तिने कधी पाहिलं नाही. त्या दिवशी कायझरष्टूलच्या एक बाई होत्या, स्वतःची बाग, टेबलावर चेरी आणि द्राक्षाचा रस. आईने फोनमधला आमच्या बागेचा फोटो दाखवला. मग त्या दोघी माझ्यामार्फत एकमेकींशी बोलायला लागल्या, मी नुसती टेलिफोनची तार. बाईंना विश्वास बसेना की आमच्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. त्यांच्याकडे हिवाळ्यात वेल झोपते, एकदाच छाटायची. आमची झोपतच नाही, तिला आपणच उठवायचं आणि बसवायचं. "मग ती दमत नाही का?" बाईंनी विचारलं. आई म्हणाली, "दमते की. म्हणून शेणखत."

मधेच एक गिऱ्हाईक आलं, पावशेर चेरी मागितली, तिथेच एक तोंडात टाकली आणि "आज गोड आहे" म्हणून गेलं. आई त्याच्याकडे बघत राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आपला कांदा कोण खातं ते मला माहीत नाही. चांगला लागला का नाही, कुणी सांगितलंच नाही कधी."

म्हणून धागा लिहिला, खापरभाऊ. कोबी काय, कुठेही कोबीच.

खवचट_खापर

बरं. हे आधी लिहायला हवं होतं.

मंडईवाली

पुण्यात महात्मा फुले मंडईच्या मागे वाढले, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. आमची मंडई १८८६ ची, तेव्हा रे मार्केट म्हणायचे. अष्टकोनी, दगडी, मध्ये मनोरा. परदेशी पाहुणे येतात ते तुमच्यासारखेच मान वर करून बघतात आणि खाली बसलेल्या मावशी दिसत नाहीत.

एक भर. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, तेव्हापासून पुण्यात शेतकरी आठवडे बाजार बरेच वाढले. आमच्या सोसायटीजवळ एक भरतो. तिथेही आईंची 'केळी आणि आंबा' कसोटी लावून बघावी म्हणते, कारण जूनमध्ये तिथे सफरचंदही दिसतं. ते कुठल्या शेतातलं?

आणि 'मापात पाप' म्हणतो ना आपण? ते भिंतीवरचे आकार वाचून तेच आठवलं. पाप होत होतं म्हणूनच कोरावं लागलं असणार. घासाघीस चालते का तिथे?

बागाईतदार

घासाघीस अजिबात नाही. आईने एकदा प्रयत्न केला, मी भाषांतरच केलं नाही. पण वजन करताना काटा जरा वर गेला की विक्रेते हटकून विचारतात, "दार्फ्स आइन बिस्शेन मेअर झाइन?" म्हणजे थोडं जास्त झालं तर चालेल का? चालेल म्हटलं की पैसेही जास्त. आई म्हणाली, आपल्याकडे उलटं, जास्तीचं मुठीने वरून टाकतात आणि पैसे तेवढेच. कोथिंबिरीची काडी मात्र नाही मिळाली. गाजर, लीक, सेलरीमूळ आणि पार्सलीची सुपासाठी बांधलेली जुडी मिळते, पण तिचे पैसे वेगळे.

सुटी नाणी ठेवा. शेतकऱ्यांच्या टेबलावर कार्ड चालेल असं धरून जाऊ नका.

घरचा_डबा

अंड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. बाजारात अंडी घ्याल तर कवचावरचा शिक्का बघा. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्या, २ म्हणजे शेडमध्ये, ३ म्हणजे पिंजरा. मग देशाची अक्षरं, मग फार्मचा क्रमांक. हे सगळ्या युरोपीय संघात सारखं आहे, एकदा कळलं की कुठल्याही गावात उपयोगी.

आणि शाकाहारी लोकांनी काय खाल्लं? तिथला तो हातभर सॉसेज प्रसिद्ध आहे ना?

बागाईतदार

'लांगे रोटे', लांब लाल. ३५ सेंटिमीटर, पावाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतं. खास प्रश्न एकच: कांद्यासकट की कांद्याविना? मी सकट. टोफूचंही मिळतं, आईला तेच दिलं. तिने अर्ध्यात थांबवलं आणि पिशवीतून भाकरी-ठेचा काढला. चर्चच्या पायरीवर बसून खाल्ला, शेजारच्या जर्मन आजीने वास घेऊन चौकशी केली. ठेच्याचा एक कण तिला दिला. पुढचं सांगत नाही.

बाझलवासी

आम्ही स्वित्झर्लंडच्या बाजूने येतो, बाझलहून. तुमचं राज्य-तिकीट आणि डॉइचलांड-तिकीट दोन्ही बाझल बाडिशर बानहोफपर्यंत चालतात. हे स्टेशन आहे स्विस जमिनीवर पण जर्मन रेल्वेचं, बाहेर पडताना मधेच कस्टम लागतं. बाजारातून परतताना लक्षात ठेवा: मांस माणशी एक किलोपर्यंतच विनाशुल्क, आणि २०२५ पासून एकूण खरेदीची करमुक्त मर्यादा ३०० वरून १५० फ्रँकवर आणली आहे. भाजीची पिशवी त्यात आरामात बसते, पण चीज आणि वाइनच्या नादात माझी एकदा बेरीज चुकली होती.

आणि या भागाची खरी द्राक्षं आमच्या बाजूला, फ्रायबुर्ग आणि बाझलच्या मधल्या मार्कग्रेफ्लरलांडमध्ये, 'गुटएडेल' नावाची. १७८० मध्ये इथला राज्यकर्ता (मार्कग्राफ) कार्ल फ्रीडरिशने जिनिव्हा सरोवराकाठच्या वेवेहून रोपं आणली असं सांगतात. सप्टेंबरात या, वाइनची द्राक्षं तशीच खायलाही मिळतात. बिया आहेत, निफाडवाल्यांनी नाक मुरडू नये.

चाकोरीबाहेर

याच धर्तीवर स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना सुचवेन. नदीकाठी योझे प्लेचनिक या वास्तुकाराने आखलेली खांबांची लांबलचक ओळ, त्यात बाजार, शेजारी उघड्यावर शेतकरी. दुधाचं यंत्र आहे, बाटली लावायची, नाणं टाकायचं, ताजं दूध. व्हिएन्नाहून गाडीने गेलात तर सहा तास धरा, वाटेत झेमरिंगचा घाट. रूळप्रेमींनी ऐकू नये, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

रूळप्रेमी

ऐकलं. वेगळा धागा काढतो.

गरम_चहा

एक शंका राहिली. चौकातल्या उत्तरेकडच्या इमारती फारच नव्या-नव्या दिसतात फोटोंत. असं का?

बागाईतदार

२७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी जुनं गाव जवळजवळ सपाट केलं. उत्तरेकडची घरं गेली, म्युन्स्टर मात्र तसंच उभं राहिलं. आज शेतकरी ज्या बाजूला टेबलं लावतात तीच ही बाजू. त्यांच्या पाठीमागच्या भिंती नव्या आहेत आणि समोरची भिंत आठशे वर्षांची. मी आईला तिथे हे सांगितलं नाही, तिचं लक्ष मुळ्यात होतं.

खिडक्या मात्र बघा आत जाऊन. गावातल्या संघांनी दिलेल्या रंगीत काचा, आणि प्रत्येकाने आपली खूण टाकलीय: बेकऱ्यांचा पाव, शिंप्यांची कात्री, चांभारांचा बूट. देवाला दान दिलं पण दुकानाची पाटी लावूनच. ओळखीचं वाटलं.

मंडईवाली

डिसेंबरात जाणार आहे. ख्रिसमसच्या बाजारामुळे भाजीबाजार बंद असतो का?

बागाईतदार

नाही. ख्रिसमसचे स्टॉल मुख्यतः जुन्या नगरपालिकेच्या चौकात, राटहाउसप्लाट्झला आणि आसपास लागतात. म्युन्स्टरपुढचा भाजीबाजार चालूच असतो, थंडीमुळे जरा विरळ. तेव्हा कोबीचे प्रकार, कंदमुळं, सफरचंदं, आणि एक छोट्या पानांची गुच्छासारखी भाजी, तिला तिथे 'सुनेविर्बेले' म्हणतात. पूर्वी हिवाळ्यात द्राक्षबागेत वेलींच्या मधल्या जागेत आपोआप उगवायची, लोक खुरपून आणायचे. अजून तिच्यावर जीव टाकतात, बटाट्याच्या कोशिंबिरीबरोबर खातात.

काल फोनवर आईला हे सांगितलं. ती बागेतच होती. म्हणाली, "म्हणजे तण. आमच्या इथं पाथरी, घोळ उगवतं ते मी उपटून म्हशीपुढं टाकते." मग जरा थांबून, "कितीला देतात?"

शनिवारी विचारून सांगतो म्हटलंय.